पाच काजं

शिंप्याने गॅस बंद करून मागे पाहिलं, तर भिंगरीच्या कोटाची पाचही बटणं लागलेली होती. आधी त्याला वाटलं, बायकोनेच जाताना लावली असतील. पण बायको इस्पितळात पहिल्या पाळीची नर्स. ती सहालाच घराबाहेर पडली होती, आणि तेव्हा पोरगी अंथरुणात आणि कोट खुर्चीच्या पाठीवर होता. घरात तिसरं माणूस नाही. म्हणजे नऊ वर्षांच्या ज्या मुलीला तो रोज सकाळी समोर उभी करून, हनुवटी वर करायला लावून, एकेक बटण लावून द्यायचा, तिने तो दूध तापवत असताना हे काम स्वतःच उरकलं होतं. एकही काज चुकलं नव्हतं, वरचं खाली नाही, खालचं वर नाही. ती दाराजवळ उभी होती, खिडकीकडे बघत, कारण माणसाकडे ती बघत नसे, आणि एक तळवा तिने वरच्या बटणावर सपाट ठेवला होता. "कोणी लावली गं?" त्याने विचारलं. तिने तळवा दोनदा आपटला. दुसऱ्या कुठल्याही बापाने लेकीला उचलून घेतलं असतं, शेजाऱ्यांची दारं ठोठावली असती. शिंप्याने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.  आठला दहा कमी होते. अकरा वाजता फेरतपासणी होती.

आजच कशी लावली? तीन वर्षं लागली नाहीत, तीनशे वेळा शिकवून लागली नाहीत, आणि आज, मुहूर्त साधल्यासारखी, लागली. त्याने दुधाचा पेला तिच्या हातात दिला, तो तिने नेहमीसारखा दोन्ही हातांनी धरला, आणि तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. ही बोटं आपल्याला माहीत नाहीत असं त्याला वाटलं. आणखी काय काय येत असेल त्यांना? बायको जाताना दारात थांबली होती, चप्पल घालता घालता उगाच हसली होती आणि म्हणाली होती, "अहो, आज घाबरू नका हं. सगळं नीट होणार आहे." तिला रजा मिळाली नव्हती म्हणून तो एकटाच जाणार होता. घाबरू नका हे तिने आज म्हटलं त्यात नवं काही नव्हतं. ती त्याला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच सांगत आली होती, आणि तो दुसऱ्या दिवसापासून घाबरतच आला होता. गिऱ्हाइकाने कपडा आरशासमोर घातला की तो आतल्या खोलीत जाऊन उगाच कात्री पुसायचा. पण ती भीती वेगळी. कोट तोकडा झाला तर शिवण सोडून वाढवता येतो.

भिंगरी हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीने ठेवलेलं. मुलगी दोन वर्षांची होती. जमिनीवर एकाच जागी उभी राहून स्वतःभोवती गरगर फिरायची, चक्कर न येता, थांबवलं तर रडायची. आत्या टाळ्या वाजवून म्हणाली होती, "पायाला भिंगरी लावूनच आलीय ही!" सगळे हसले होते. तोही हसला होता. पुढे चार महिन्यांनी डॉक्टरांनी कागदावरची यादी वाचत विचारलं, "स्वतःभोवती फिरते का?" तेव्हा नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणी हो म्हणालं नाही. नाव बदलायला हवं होतं खरं. पण तोवर तीच एक हाक अशी होती की जी ऐकून ती मान वळवायची, मग ती हाक कोण टाकून देणार?

त्याने दाराला कुलूप लावलं. जिन्यात पायऱ्या मोजायची तिची सवय होती, तोंडाने नाही, भिंतीवर बोट टेकवत. तेवढं झाल्याशिवाय ती पुढे सरकत नसे. तिच्या मागून उतरताना त्याला फेरतपासणीचा तो कागद दिसत होता. पांढरा, दोन्ही बाजूंनी छापलेला, प्रत्येक ओळीपुढे तीन चौकोन: येतं, मदतीने येतं, येत नाही. जेवण. शौच. नाव सांगणं. रस्ता ओलांडणं. अकरावी ओळ: कोट घालणं व बटणं लावणं. हे प्रत्यक्ष करून बघतात. गेल्या दोन्ही वर्षी भिंगरीने कोट अंगावर ओढला होता आणि हात लोंबकळत ठेवून उभी राहिली होती, आणि तपासणाऱ्या बाईंनी शेवटच्या चौकोनात खूण केली होती, आणि जागा राहिली होती. जागा राहिली म्हणजे सरकारने आणखी एक वर्ष खाजगी शाळेची फी भरायची. जागा गेली म्हणजे जवळच्या सरकारी शाळेत परत. नियम तसाच होता. जवळच्या शाळेला मुलीची गरज भागवता येत नसेल तर जिला भागवता येते तिथे पाठवा, खर्च सरकारचा. आणि दर वर्षी बघा की गरज अजून आहे का. बायकोने हा नियम शोधून काढला होता, दीड वर्ष कचेऱ्यांच्या बाकांवर बसून, डॉक्टरांचे कागद गोळा करून, नोकरी सांभाळून. शिंप्याने त्या दीड वर्षात काय केलं? डबे भरले. कपडे शिवले.

शाळेच्या बाहेरच्या बाकावर, जिथे आईबाप मुलांची वाट बघत बसतात, तिथे एक वेगळीच शाळा चालते. तिथे शिकवतात की फेरतपासणीच्या दिवशी मुलाचा वाईट दिवस दाखवायचा. चांगला दिवस घरी ठेवायचा. आदल्या दिवशी झोपू देऊ नका, कोणी सांगतं. उपाशी न्या, कोणी सांगतं, मग चिडतात आणि काही करत नाहीत. हे सगळे लेकरांवर जीव ओवाळून टाकणारे लोक, आणि असं बोलत असताना ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत. बाकावरच्या एका बाईची मुलगी कधी अवाक्षर बोलत नसे. ती तपासणीच्या खोलीत गेली आणि टेबलाखाली बसून तिने एका बसच्या सगळ्या थांब्यांची नावं ओळीने म्हटली. जातानाची आणि येतानाचीही. पुढच्या महिन्यात जागा गेली. "एवढं छान बोलली हो," ती बाई सांगायची, "एवढं छान बोलली, आणि मी तिचं तोंड दाबायला धावले." हे ऐकून शिंप्याने तेव्हाच कानाला खडा लावला होता. ती बाई नंतर बाकावर आली नाही. जागा का गेली हे नेमकं कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं.

आणि ती जुनी शाळा. तिचा विचार तो करत नसे. विचारच त्याला येऊन धरायचा, कापड कापताना, आंघोळ करताना. त्या शाळेच्या हस्तकलेच्या तासासाठी त्याने पांढऱ्या सुती फितीचं अख्खं रीळ नेऊन दिलं होतं. कोणी मागितलं नव्हतं. मुलगी तिथे आहे, चार लोकांशी ओळख असलेली बरी, म्हणून. सकाळी तो तिला फाटकाशी सोडायचा. आतली मदतनीस बाई घ्यायला आली की भिंगरी एक पाऊल मागे सरकायची आणि फ्रॉक पुढून दोन्ही मुठींत आवळून धरायची. लाजते, असं त्याला वाटायचं. मग एका संध्याकाळी तिच्या कमरेला वळ दिसला, बोटभर रुंद, सरळ. दुसऱ्या दिवशी तिची पाण्याची बाटली घरी राहिली होती ती द्यायला म्हणून तो दुपारी गेला, आणि वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात भिंगरी बाकाला कमरेने बांधलेली होती. फीत त्याचीच होती. कडेची वीण त्याने दारातूनच ओळखली. गाठ पाठीमागे, जिथे तिचा हात पोचणार नाही अशा जागी. मदतनीस बाई काही राक्षस नव्हती, घामाघूम झालेली, केस सुटलेली बाई होती. "फाटकाबाहेर जाते हो ती," ती म्हणाली, "दोनदा रस्त्यावरून धरून आणली. साठ पोरांत मी एकटी. तिच्याच भल्याचं करतेय ना?" आणि शिंपी म्हणाला होता, "बरं." त्याने गाठ सोडवली, फीत बोटांभोवती नीट गुंडाळली, हाताला सवयच तशी, आणि ती गुंडाळी टेबलावर ठेवली. टेबलावर ठेवली! फेकलीसुद्धा नाही. ते "बरं" तेव्हापासून त्याच्या घशात अडकून होतं.

म्हणून कोट उघडा ठेवायला हवा होता. रस्त्यातच त्याने तिला थांबवून बटणं काढली. ती उभी राहिली. पाच पावलं गेल्यावर तिने ती पुन्हा लावली, चालता चालता, खाली न बघता. त्याने पुन्हा काढली. तिने पुन्हा लावली, आणि या वेळी तिच्या घशातून तो आवाज आला, सूर धरल्यासारखा, जो तिला आनंद झाला की येतो.  समोरून येणारा एक म्हातारा त्यांच्याकडे बघून कौतुकाने हसला. बटणं तोडून टाकावीत? पण बाई बघतील, बटणांशिवाय कोट घालून मुलीला तपासणीला आणली म्हणतील, तिथे दुसरा कोट असला तर तोच देतील. तिच्या हाताला पट्टी बांधावी? बांधणं हा शब्द मनात आला आणि त्याने तो विचार तिथेच टाकला. तेवढ्यात दुकान आलं. वाटेतच होतं ते. त्याने शटर अर्धं वर केलं, दोघं वाकून आत गेली, आणि कापण्याच्या टेबलाच्या कडेवर त्याने तिला बसवलं, रोज संध्याकाळी बसायची तिथेच. तिथे बसून ती तासन्‌तास त्याची बोटं बघायची. कोट मांडीवर घेतला. सुईत निळा दोरा ओवला, कापडाच्याच रंगाचा. पहिल्या काजाच्या दोन्ही ओठांतून दोन टाके घातले, आतून, असे की वरून बघणाऱ्याला काज काजच दिसावं. ओढलं. गाठ मारली. दातांनी दोरा तोडला. दुसरं काज. तिसरं. आयुष्यात त्याने हजारो काजं केली होती, बंद एकही केलं नव्हतं. हात मात्र जराही थरथरला नाही, आणि याचीच त्याला भीती वाटली. पाचवं झाल्यावर त्याने मान वर केली. भिंगरी त्याच्या बोटांकडे बघत होती, आणि तिचं एक बोट तिच्या स्वतःच्या दातांवर होतं.

तपासणीची खोली शाळेतच होती, वरच्या मजल्यावर. टेबलावर काच, काचेखाली मुलांची चित्रं. अधिकारी बाईंचा चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता आणि अंगठ्याला चिकटपट्टी होती. त्या दिवसातली त्यांची ही चौथी मुलगी, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. शाळेची ताई बाजूला बसली होती, भिंगरीच्या वर्गाची, ठेंगणी, सतत खिशात खडू असलेली. ताईने शिंप्याकडे बघून डोळे मिचकावल्यासारखं केलं. त्याला ते कळलं नाही. जेवण, शौच, रस्ता असं सगळं होत गेलं. मदतीने येतं, मदतीने येतं, येत नाही. मग अकरावी ओळ. "कोट काढ बाळ, आणि परत घाल," बाई म्हणाल्या. भिंगरीने कोट काढला. घातला. आणि तिने वरचं बटण धरून काजाशी नेलं. ताई खुर्चीत पुढे सरकली. बटण काजावर टेकलं आणि घसरलं. पुन्हा टेकलं, पुन्हा घसरलं. तिने दुसरं घेतलं. तिसरं. शिंपी काचेखालच्या एका चित्राकडे बघत होता, त्यात हिरवं घर होतं आणि घराला दार नव्हतं. आता ती ओरडेल, त्याला वाटलं, आता गरगर फिरू लागेल, आणि ते चालेल, तेही चालेल. पण ती ओरडली नाही. पाचही बटणं एकदा करून झाल्यावर ती थांबली, आणि तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत. नऊ वर्षांत तिने हे केलं नव्हतं. डॉक्टर तिच्या समोर खुळखुळे हलवायचे, आई तिचा चेहरा हातात धरायची, तरी तिची नजर कानाच्या बाजूने निघून जायची. आता ती सरळ आली आणि थांबली. मग तिने हात खाली सोडले.

"येत नाही," बाई म्हणाल्या आणि खूण केली. शिंप्याचा जीव भांड्यात पडला. पण बाईंनी कागद पुढे ढकलला नाही. त्यांनी फाईल मागे चाळली, दोन पानं काढून ओळीने मांडली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. "पहिल्या वर्षी येत नाही. दुसऱ्या वर्षी येत नाही. आज येत नाही. ताई, मग तीन वर्षं ही जागा आम्ही कशासाठी देतोय? बाहेर यादीत चाळीस मुलं थांबलीयत. इथे राहून हिचं काही होत नसेल, तर हीच सोय हिला घराजवळ का नको?" ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो बाई, येतं तिला! घरी तीन आठवडे सराव चाललाय, वडिलांच्या जुन्या शर्टावर. आईच करून घेतात. आज सकाळी बाबांना दाखवायचं ठरलं होतं त्यांचं." ती शिंप्याकडे वळली. "आई म्हणाल्या, ते घाबरतात फार, सकाळीच बघितलं म्हणजे धीर येईल. दाखवलं नाही का तिने?"

 शिंप्याला आठवलं, चप्पल घालता घालता हसलेली बायको. सपाट तळवा, दोनदा आपटलेला.  बाकावरच्या त्या बाईची जागा का गेली हे आपण कधी विचारलंच नाही, हेही त्याला तेव्हाच सुचलं. आता काही न बोलता उठायचं, एवढं त्याला सहज जमलं असतं. बरं म्हणायचं. तो शब्द जिभेवर तयार होता. "काजं मी शिवलीयत," तो म्हणाला. बाईंना ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि कळलं नाही. "काय शिवलंय?" "काजं. मी शिंपी आहे. सकाळी दुकानात... दोन-दोन टाके घातलेत. मुद्दाम. तिला येतं हो. तिने रस्त्यात दोनदा लावली." त्याने कोट तिच्या अंगातून काढून घेतला, खिशातलं उसवायचं पातं काढलं आणि बाईंच्या समोर, काचेवर, एकेक काज मोकळं केलं. निळ्या दोऱ्याचे बारीक तुकडे काचेवर पडले. आता मात्र त्याचं पातं नीट चालेना, आणि चौथ्या काजाची कड थोडी कापली गेली. "कशासाठी पण?" बाईंनी विचारलं, रागाने नाही, खरंच न कळून. सांगायला पुष्कळ होतं. "तिथे फितीने बांधायचे," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.  चिकटपट्टीच्या अंगठ्याने बाईंनी दोऱ्याचे तुकडे एका जागी सारले.

"घाल, भिंगरी," तो म्हणाला. "उघडी आहेत बघ आता." भिंगरीने कोट घातला. पहिल्या काजात तिने बोट घातलं, या बाजूने त्या बाजूला. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. गिऱ्हाइकाला कोट देण्याआधी तो स्वतः असंच तपासायचा. पाचही बघून झाल्यावर तिने हात खाली सोडले, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि हनुवटी वर केली. "लाव ना बाळ," ताई म्हणाली. "काल वर्गात लावलीस की." ती तशीच उभी. शेवटी बाईंनी फाईल मिटली. "महिन्याने पुन्हा बोलावते. असं करता येत नाही मला, पण करते. त्या दिवशी हिने लावली तर जागेचं बघता येईल. नाही लावली, तर कागदावर जे दिसतं तेच मी लिहिणार." शिंपी उठला. दारापर्यंत गेल्यावर त्या मागून म्हणाल्या, "आणि सुईदोरा घरी ठेवून या."

बसच्या थांब्यावर कोणी नव्हतं. वारा चांगलाच बोचरा होता आणि तिचा कोट उघडा फडफडत होता. महिना. तीस सकाळी. बायकोला आज काय सांगायचं याचा त्याने विचार करून पाहिला आणि सोडून दिला. भिंगरीने हनुवटी वर केली. त्याचे हात आपोआप पुढे गेले आणि त्याने ते मागे घेतले. आता लावून द्यायची नाहीत, काही झालं तरी नाहीत, असं स्वतःला बजावत त्याने ते आपल्या खिशांत खुपसले. उजव्या हाताला पातं लागलं. "लाव गं," तो म्हणाला. "बाबा चुकले. आता नाही शिवणार. कधीच नाही शिवणार. तू लाव." ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिचा हात वर आला, वरच्या काजात बोट गेलं, तिथेच जरा थांबलं आणि बाहेर आलं. तिने त्याच्या खिशांकडे पाहिलं, जिथे त्याचे हात होते. मग ती एक पाऊल मागे सरकली आणि कोट पुढून दोन्ही मुठींत आवळून धरला. फाटकातल्या त्या मदतनीस बाईसमोर ती अशीच उभी राहायची. शिंप्याने खिशांतून हात काढले, दोन्ही तळवे उघडून तिला दाखवले, आणि ती जिथे होती तिथे तिला राहू देऊन, जागचा न हलता, बसची वाट बघू लागला.